बीएसएनएलचं फोरजी आलं, पण तुमच्या फोनला ते दिसतंय का? उत्तर एका आकड्यात आहे

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीची गोष्ट. विष्णुपुरीत आम्ही तिघं एका खोलीत राहतो. आसपास इंजिनिअरिंग कॉलेज, विद्यापीठ, मेडिकल कॉलेज असल्यामुळे इथं दर दुसऱ्या घरात पोरं भाड्यानं राहतात, आणि दर दुसऱ्या पोराचा नेटपॅक महिना संपायच्या आत संपतो. आमच्या लोह्याकडच्या रूमपार्टनरनं पैसे वाचवायला नंबर बीएसएनएलला पोर्ट केला. दुकानातल्या माणसानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "भैय्या, आता सगळीकडं फोरजी झालंय, बिनधास्त घ्या."

सिम चालू झालं, फोन लागले, मेसेज आले. नेट मात्र येईना. कोपऱ्यात कधी ३जीचं चिन्ह, कधी नुसताच 'ई'. त्यानं फोन बंद-चालू केला, एपीएन तपासलं, शेवटी गच्चीवर जाऊन फोन हवेत धरून उभा राहिला. मी म्हटलं, "इकडं दे, माझ्या फोनात टाकून बघू." टाकलं. अर्ध्या मिनिटात ४जी.

सिम तेच, खोली तीच, खिडकीही तीच. नेटवर्कची माहिती दाखवणारं एक फुकटचं ॲप उघडलं, तर माझा फोन 'बँड २८' वर जोडलेला दिसला. त्याच्या फोनच्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन बँडची यादी काढली. त्यात १ होता, ३ होता, ५, ८, ४०, ४१ होते. २८ नव्हता.

म्हणजे टॉवर होता, सिम होतं, पैसे भरलेले होते. टॉवर ज्या लहरींवर बोलत होता त्या ऐकायचे कानच त्याच्या फोनला नव्हते. आणि एकदा नंबर पोर्ट केला की ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. बँक, शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचा अर्ज, सगळं त्याच नंबरला जोडलेलं. नवीन नंबर घ्या म्हणणं सोपं आहे, घेणं सोपं नाही.

हे प्रकरण एकट्या त्याचं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

बातमी काय होती

थोडं मागं जाऊ. जुलै २०२४ च्या सुरुवातीला जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनी दोन दिवसांत रिचार्जचे दर वाढवले. त्या एका महिन्यात बीएसएनएलकडं सुमारे २९ लाख ग्राहक वाढल्याचं ट्रायच्या आकडेवारीत दिसलं. बाकी तिघांचे ग्राहक घटले. पण तेव्हा बीएसएनएलचं फोरजी देशाच्या बऱ्याच भागांत पोचलेलंच नव्हतं. स्वस्त आहे, पण चालतंय कुठं, अशी अवस्था.

मग २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचं उद्घाटन केलं. एकूण ९७,५०० हून जास्त टॉवरचा आकडा जाहीर झाला. यातली तांत्रिक बाजू खरोखर कौतुकाची आहे. नेटवर्कचा मेंदू, ज्याला कोअर म्हणतात, तो सी-डॉटचा. टॉवरवरची रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची. आणि हे सगळं जुळवून उभं करायचं काम टीसीएसचं. असा पूर्ण संच स्वतः बनवणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मी या यशाला नावं ठेवत नाही.

पण बातम्यांमध्ये, रील्समध्ये, दुकानांत एकच आकडा फिरला: टॉवर किती. हा आकडा अर्धाच आहे. उरलेला अर्धा तुमच्या खिशात आहे, आणि त्याबद्दल कुणी बोललं नाही.

२८ नंबरचा बँड भारतात उशिरा का आला

मोबाइलच्या लहरींचे पट्टे ठरलेले असतात. प्रत्येक पट्ट्याला जागतिक क्रमांक असतो, त्याला बँड म्हणायचं. बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झचा, बँड ५ म्हणजे ८५० चा, बँड ४० म्हणजे २३०० चा. जिओचं फोरजी या तिघांवर चालतं. बीएसएनएलचं नवीन फोरजी मुख्यतः दोनांवर: बँड १, म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, आणि बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ.

७०० मेगाहर्ट्झ हा गावाकडच्या माणसाचा बँड. लहरींची वारंवारता जितकी कमी तितक्या त्या लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. २१०० च्या मानानं ७०० तिप्पट कमी आहे. गावापासून दूर असलेल्या शेतात, दगडी वाड्यात, स्लॅबच्या आतल्या खोलीत रेंज येते ती बहुतेक वेळा अशाच खालच्या बँडची. आमच्या खोलीतही तेच होत होतं.

आता गंमत बघा. भारतात ७०० मेगाहर्ट्झ २०१६ च्या लिलावात कुणी घेतला नाही, किंमत फार होती. २०२१ मध्येही कुणी घेतला नाही. २०२२ मध्ये एकट्या जिओनं घेतला, तोही ५जीसाठी. बीएसएनएलला तो जून २०२३ च्या पॅकेजमध्ये सरकारनं दिला. म्हणजे कित्येक वर्षं भारतात या पट्ट्यावर फोरजी नव्हतंच. मग स्वस्त फोन बनवणाऱ्या एखाद्या कंपनीनं भारतातल्या मॉडेलमध्ये या बँडसाठी लागणारा फिल्टर घालायचं टाळलं, तर त्यात नवल नाही. वापरच नाही, खर्च कशाला? ते फोन आजही चालू आहेत, सेकंड हँड विकले जातात, घरात मोठ्या भावाकडून धाकट्याकडं, पोराकडून आईकडं जातात. आणि 'स्वस्तातलं सिम' सगळ्यात जास्त याच फोनांमध्ये पडतं.

रांगेतली बटणं

आता मुद्द्याचं. बँडच्या दोन याद्या शेजारी ठेवून डोळ्यांनी जुळवता येतात. पण घरात चार फोन, तीन कंपन्या, आणि मित्र विचारायला लागले की घोळ होतो. मॉडेमच्या आत ही यादी जशी ठेवलेली असते तशीच आपणही ठेवली तर काम एका ओळीचं होतं. क्वालकॉमच्या मॉडेमवर चालणाऱ्या कित्येक डोंगल आणि राउटरमध्ये कोणते बँड चालू ठेवायचे हे एका आकड्यानं सांगतात. त्याला बिट मास्क म्हणतात.

घरातला स्विचबोर्ड डोळ्यांपुढं आणा, फक्त खूप लांब. उजवीकडून पहिलं बटण बँड १ चं, दुसरं बँड २ चं, असं डावीकडं जायचं. बँड आहे तर बटण चालू, म्हणजे १. नाही तर बंद, म्हणजे ०. ही शून्य-एकची रांग एक संख्या म्हणून वाचली की झाला मास्क. पहिल्या बटणाची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, दर वेळी दुप्पट. म्हणून बँड ३ म्हणजे ४. बँड ५ म्हणजे १६. बँड २८ म्हणजे १३,४२,१७,७२८.

असले आकडे वाचवत नाहीत, म्हणून ते सोळाच्या पद्धतीत लिहितात, हेक्स म्हणून. त्यात चार-चार बटणांचा एक अंक होतो. उजवीकडचा पहिला अंक बँड १ ते ४ सांगतो, दुसरा ५ ते ८, तिसरा ९ ते १२. बँड २८ हा सातव्या अंकातलं शेवटचं बटण, म्हणून हेक्समध्ये तो ८००००००, म्हणजे आठावर सहा शून्यं. एवढं समजलं की कॅल्क्युलेटरशिवायही मास्क वाचता येतो. समजा मास्कच्या शेवटी ९५ आहे. ५ म्हणजे ४ अधिक १, म्हणून बँड ३ आणि १ आहेत. ९ म्हणजे ८ अधिक १, म्हणून बँड ८ आणि ५ आहेत.

टर्मक्समध्ये करून बघा

लॅपटॉप नसला तरी चालतं. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे, ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. फोनमध्येच लिनक्ससारखी काळी खिडकी मिळते. त्यात पायथन इन्स्टॉल करून चालू करा. या साइटवर आपण सगळं देवनागरीत लिहितो, म्हणून आकडे इथं मराठीत दिसतील. टाइप करताना आकडे इंग्रजीच टाका. नावं मात्र पायथनला मराठीत चालतात. 'फोन' असं नाव दिलं तरी तो कुरकुर करत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दोन चिन्हं ओळखून ठेवा. << म्हणजे १ ला डावीकडं इतकी घरं सरकव. | म्हणजे दोन रांगा एकत्र कर, कुणाचंही बटण चालू असेल तर चालू. आता बीएसएनएलचा मास्क:

सिम = १<<० | १<<२७

बँड १ साठी ० घरं आणि बँड २८ साठी २७. मोजणी शून्यापासून आहे, म्हणून दर वेळी एक वजा करायचा. इथं २८ लिहिलंत तर बँड २९ चं बटण चालू होईल आणि कुणी ओरडणारही नाही. हेक्स फंक्शनमधून काढलं की उत्तर ८०००००१ येतं. पुढं 'शून्य-एक्स' लागलेलं दिसेल, तो फक्त 'हा हेक्स आहे' हे सांगणारा बिल्ला.

रूममेटचा जुना फोन:

फोन = १<<० | १<<२ | १<<४ | १<<७ | १<<३९ | १<<४०

हेक्समध्ये १८०००००००९५. शेवटचा ९५ ओळखीचा वाटला? तोच तो.

आता तिसरं चिन्ह, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. & म्हणजे दोन्हीकडं चालू असेल तरच चालू.

फोन & सिम

उत्तर: १. फक्त बँड १. म्हणजे बीएसएनएलच्या दोन रस्त्यांपैकी या फोनला एकच मोकळा, तोही कमी लांब जाणारा. २१०० चा फोरजी सिग्नल जिथं पोचतो तिथं तो चालेल, नाही तर खाली ३जी किंवा २जीवर घसरेल. आमच्या खोलीत तो घसरत होता.

काय कमी पडतंय ते थेट विचारायचं असेल तर ~ वापरा, हे सगळी बटणं उलटी करतं:

सिम & ~फोन

उत्तर हेक्समध्ये ८००००००. सातवा अंक, आठ. बँड २८. हाच तो नसलेला कान.

माझ्या फोनमध्ये हेच सगळे बँड आहेत आणि वर २८ आहे, म्हणून त्याचा मास्क १८००८००००९५. दोन फोनांमधला फरक काढायला ^ हे चिन्ह आहे, जिथं दोघांचं जुळत नाही तेवढंच ते दाखवतं. तिथंही उत्तर ८००००००. आणि त्याच जुन्या फोनला जिओचा मास्क (८०००००००१४) लावून & केलं तर तो पूर्णच्या पूर्ण परत येतो. म्हणजे फोन बिघडलेला नव्हता. ज्या काळात, ज्या नेटवर्कसाठी घेतला, त्याला तो व्यवस्थित होता. दुकानदार त्याला खोटं बोलला असंही मी म्हणणार नाही, त्याच्या समोरच्या फोनांवर चालत असेलच की.

मी स्वतः कुठं फसलो

पहिल्या दिवशी मी पायथन वापरलं नव्हतं. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचं छोटं पान लिहिलं: बँड टाका, मास्क मिळवा. मित्राच्या फोनचे बँड टाकले. ४० टाकला आणि पान म्हणालं, बँड ८. मला वाटलं मीच चुकीचा आकडा दाबला.

झालं असं होतं की जावास्क्रिप्टमध्ये ही बटणांची गणितं ३२ घरांतच होतात. ३९ घरं सरकव म्हटलं की ते ३२ वजा करतं आणि ७ घरं सरकवतं. सात घरं म्हणजे १२८, म्हणजे बँड ८. चूक दाखवत नाही, थांबत नाही. आणि बँड ८ हा भारतात खरोखर वापरला जाणारा बँड आहे, ९०० मेगाहर्ट्झचा, त्यामुळं उत्तर बघून शंकाही येत नाही. चुकीचं उत्तर बरोबर उत्तरासारखं दिसलं की ते सगळ्यात वाईट.

टर्मक्समधल्या बॅश शेलमध्येही थेट ही गणितं करता येतात, पण तिथं ६४ घरं आहेत. फोरजीच्या आपल्याकडच्या बँडना ती पुरतात. ५जीला पुरत नाहीत. आपल्याकडं ५जीचा मुख्य बँड आहे एन ७८. त्यासाठी ७७ घरं सरकवायला सांगितली की साध्या ६४ बिटच्या फोनवर बॅश मुकाट ८१९२ देतो. तेरा घरं. म्हणजे बँड १४, जो अमेरिकेत पोलीस-अग्निशमन दलांसाठी राखलेला आहे! नांदेडात बसून अमेरिकेच्या फायर ब्रिगेडचं नेटवर्क शोधायची वेळ. पायथनच्या आकड्यांना अशी मर्यादा नाही. तिथं १५१११५७२७४५१८२८६४६८३८२७२ असा लांबलचक पण बरोबर आकडा येतो. म्हणून मी पायथनवर आलो. नव्या ५जी मॉडेमांमध्ये आता एका मोठ्या मास्कऐवजी बँडची सरळ यादी द्यायची पद्धतही दिसते, आणि त्यामागचं दुखणं आता तुम्हाला कळलं असेल.

अजून एक. एन २८ आणि बँड २८ या लहरी एकच, पण एक ५जीसाठी आणि दुसरा फोरजीसाठी. फोनच्या माहितीत एन २८ लिहिलंय म्हणून फोरजीचा २८ असेलच असं धरू नका. दोघांच्या याद्या वेगळ्या, मास्क वेगळे.

तुमच्या अँड्रॉइडच्या पोटातही हाच वजा-एकचा नियम आहे. तिथं नेटवर्कच्या प्रकारांना क्रमांक दिलेत: एलटीई १३, ५जी २०. फक्त हे दोनच चालू ठेवायचे तर मास्क होतो ४०९६ आणि ५२४२८८ मिळून ५२८३८४. सेटिंगमध्ये तुम्ही एका बोटानं निवड करता, आत हा आकडा बदलतो.

मास्क जुळला म्हणजे सगळं जुळलं?

नाही. & चं उत्तर शून्य आलं तर फोरजी येणार नाही हे नक्की. पण उत्तर शून्य नाही म्हणून येईलच असं नाही. जवळच्या टॉवरवर तो बँड लागलेला हवा. सिम फोरजीचं हवं, जुन्या सिमवर नाही चालत. आणि फोरजीवरून आवाजाचा कॉल करायला व्होल्टे लागतं. त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची सेटिंग कंपनीनंच घातलेली लागते. बँड असूनही व्होल्टे नसेल तर कॉल आला की फोन खाली २जी-३जीवर उतरतो आणि चालू असलेलं नेट मंदावतं किंवा थांबतं. हे मास्कमध्ये दिसत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. 'कोणत्याही फोनमध्ये कोणताही बँड चालू करा' असे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. त्यात कॉम्प्युटरला फोन जोडून मॉडेममधला हाच मास्क बदलतात. गणित तेच, आता तुम्हाला येतंय, म्हणून मोह होईल. पण बटण चालू केलं तरी भिंतीत वायरच नसेल तर दिवा लागेल कसा? त्या बँडचा फिल्टर आणि अँप्लिफायर बोर्डवर नसेल तर आकडा बदलून तो उगवत नाही. उलट या खटपटीत फोनचा आयएमईआय उडू शकतो. मग गल्लीतला कुणीतरी दुसराच आयएमईआय टाकून 'रिपेअर' करून देतो. २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन कायद्यात आयएमईआयमध्ये फेरफार करायला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. दोनशे रुपयांच्या रिचार्जसाठी एवढं कुणी अंगावर घेऊ नये.

टॉवर मोजले, फोन कुणी मोजले?

आता माझं मत. सरकारनं टॉवर मोजले ते बरोबरच. पण ग्राहकाला मिळतं ते टॉवर & फोन एवढंच. दोन्हीपैकी एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्य. जाहिरात होते ती एकाच बाजूची.

ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना वेबसाइटवर रेंजचे नकाशे टाकायला लावले, २जी, ३जी, ४जी, ५जी असे वेगवेगळे. पाऊल चांगलं. पण आमच्या रूममेटच्या कामाचं ते निम्मंच. नकाशावर 'इथं ४जी आहे' असं दिसेल, ते कोणत्या बँडवर हे कळलं नाही तर त्याच्या फोनला ते असून नसल्यासारखं. नकाशात बँड टाकायला कंपनीला नवीन काही शोधायचं नाही, कुठल्या टॉवरवर काय लावलंय हे तिला माहीतच असतं.

फोनच्या खोक्याचंही तसंच. माझ्या फोनचं खोकं मी जपून ठेवलंय. त्यावर किंमत आहे, आयएमईआय आहे, बनवल्याचा महिना आहे, डोक्याला किती रेडिएशन लागतं तोही आकडा आहे. बँड नाहीत. कॅमेरा किती मेगापिक्सेल हे मोठ्या अक्षरांत आहे. एक ओळ बँडची छापली तर काय बिघडतं? आणि सगळ्यात सोपं: पोर्टिंग करताना दुकानदारानं किंवा ॲपनं फोनचं मॉडेल विचारावं. मॉडेलवरून मास्क, मास्कवरून & आणि ग्राहकाला सिम हातात घ्यायच्या आत उत्तर. वरच्या तीन ओळींचं काम आहे हे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवायच्या आधी एवढं करा. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' मध्ये जाऊन मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट, कारण एकाच नावाच्या फोनची वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळी मॉडेलं असतात आणि बँडही वेगळे असतात. तो नंबर घेऊन कंपनीच्याच साइटवर भारतातली बँड यादी काढा, भलत्याच साइटवरची नको. मास्क काढा, & करा. आणि शक्य असेल तर ज्याच्याकडं ते सिम आधीच आहे त्याला घरी बोलवून, त्याचं सिम तुमच्या फोनमध्ये टाकून, ज्या खोलीत तुम्ही झोपता त्याच खोलीत बघा. चहा पाजा त्याला. पोर्टिंगचा कोड चार दिवस चालतो, म्हणजे घाई करायचं कारण नाही.

दिवाळीला रूममेट गावी गेला तेव्हा घरातल्या चारही फोनांचे मॉडेल नंबर लिहून मला पाठवले. चारांचे मास्क काढले. दोघांत २८ होता, एक वडिलांचा आणि एक वहिनीचा. धाकट्या भावाचा फोन, जो घरात सगळ्यात नवा दिसतो आणि सेकंड हँड घेतलाय, त्यात नव्हता. भावानंही पोर्टचा मेसेज टाईप करून ठेवला होता, पाठवायचा राहिला होता.

रूममेटचं सिम अजून त्याच्याच फोनमध्ये आहे. कॉल येतात, ओटीपी येतात. नेट माझ्या हॉटस्पॉटवर चालतं, आणि त्या बदल्यात खोली झाडायची पाळी रोज त्याची. त्याचे नव्वद दिवस जानेवारीत भरतात.